डोळ्यांच्या कडेने

‘प्रेरणा’ हा शब्द आपण सहसा थोरांच्या चरित्रांसाठी राखून ठेवतो. आपल्यासारख्या संसारी माणसांचा दिवस दूध, वीजबिल, औषधे आणि पाहुणे यांतच मावळतो. वास्तविक पाहता रोजचे जगणे पुढे रेटायला उमेद लागते ती आपल्यालाच अधिक. ती नेमकी कोठून येते, याचा विचार आम्हां दोघी बहिणींना गेल्या काही वर्षांत करावा लागला. त्याला कारण झाली आमची आई.

आईचे माहेर आणि सासर दोन्ही बडोद्यातलेच. मुलींच्या शाळेत तिने अनेक वर्षे मराठी शिकवले. आमच्यापैकी थोरली लग्नानंतर इंदूरला गेली. धाकटी बडोद्यातच राहिली. आईने पंचाहत्तरी ओलांडली आणि तिच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजू लागल्याचे निदान झाले. या विकारात सगळा अंधार होत नाही. नजरेच्या मधोमध एक धूसर डाग बसतो आणि कडा तेवढ्या शाबूत राहतात. ज्या वस्तूकडे थेट पाहावे, तीच पुसली जाते. आमचा चेहरा पाहायचा असला की आई किंचित दुसरीकडे पाहते. नवख्या माणसाला वाटते, हिचे आपल्याकडे लक्षच नाही.

तिचे वाचन थांबले, हा घाव सर्वांत मोठा होता. एकदा ती अगदी शांतपणे म्हणाली, “सकाळी उठायचं ते कशासाठी, एवढं तरी मला कोणी सांगा.” त्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला खरोखरच उत्तर हवे होते, आणि आमच्यापाशी ते नव्हते.

त्या हिवाळ्यात थोरली बडोद्यास आली असता आम्ही आईला कीर्तिमंदिरात नेले. आपल्या आवडत्या जागी तिला घटकाभर बसता यावे, एवढाच हेतू होता. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाची स्मृती म्हणून १९३६ मध्ये ही वास्तू उभी राहिली. शांतिनिकेतनाहून आलेल्या नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिच्या चार भिंती रंगवल्या. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’तील कथा आणि महाभारतयुद्ध हे त्यांचे विषय. आईने शाळेच्या कितीतरी तुकड्या येथे आणल्या होत्या, आणि आम्हीही तिचे बोट धरून आलो होतो. थोडक्यात, या भिंती आमच्या पाठ होत्या, असा आमचा समज होता.

आई भिंतीसमोर उभी राहिली, नजर थोडी तिरपी केली आणि म्हणाली, “रंगांचे पुंजके दिसतात. आता तुम्ही सांगा.” आम्ही चेहऱ्यांचे वर्णन करू लागलो, तेव्हा तिने थांबवले. “चेहरे नका सांगू. हात कुठे आहेत ते सांगा. कोण कोणाकडे वळलंय ते सांगा.” आणि मग लक्षात आले, की एका आकृतीची मान कोठे वळली आहे हे सांगायचे तर दुसऱ्या आकृतीपर्यंत जावे लागते, आणि तेथून तिसरीपर्यंत. चित्रकाराची रेषा आपल्याला हात धरून नेत असते. एकाच भिंतीपाशी अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. परतताना आई थकली होती, परंतु रिक्षात तिने विचारले, “पुढच्या भिंतीचं कधी?”

पुढे रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याचीही पाळी आली. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा. त्याच्या भिंतींवर कृष्णलीला आहेत, महाभारत आहे, मराठे आणि इंग्रज यांची लढाई आहे, आणि युरोपीय पेहरावातल्या स्त्रियाही आहेत. ही चित्रे लहान असल्यामुळे आईला त्यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. तरी तिने विचारले, “गोपी आणि मड्डम एकाच भिंतीवर? मग त्या एकमेकींकडे बघतात का?” हा प्रश्न आम्हांला जन्मात सुचला नसता.

आईशी बोलताना आम्ही विनोदबिहारी मुखर्जींची गोष्ट पुष्कळदा काढतो. नंदलालांचे हे शिष्य. एक डोळा जन्मापासून निकामी, दुसरा अधू. १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर तीही दृष्टी गेली. पण ते थांबले नाहीत. कागद कापून त्यांनी चित्रे रचली, आणि शांतिनिकेतनात टाइल्सचे भित्तिचित्र उभे केले. त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. त्यांचे दुसरे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन बडोद्याच्या कलाशाखेत आले, आणि तेथल्या जत्रेसाठी लाकडाची, मण्यांची खेळणी करू लागले. एवढा मोठा कलावंत मुलांच्या हाती द्यायला खेळणी करतो, याचे आईला फार अप्रूप. “डोळ्यांनी बघायचं आणि हातांनी बघायचं, यांत त्यानं भेद केला नाही,” असे ती म्हणते.

तिच्या हातांनीही तो भेद सोडून दिला आहे. दारातली सात ते चार ठिपक्यांची रांगोळी ती अजून घालते. मधल्या ओळीत सात, वर आणि खाली सहा, पाच, चार. असे एकूण सदतीस ठिपके. दोन ठिपक्यांतले अंतर ती बोटांनी मोजते, आणि चिमटीतून सुटणाऱ्या पिठावरून रेषेची जाडी ओळखते. एखादी रेषा चुकून शेजारच्या ठिपक्याला मिळते आणि नवाच आकार तयार होतो. ती तो पुसू देत नाही. देवघरातल्या समईचा घाट, झोपाळ्याच्या कड्या, जुन्या पेटीच्या कोपऱ्यावरची पितळी फुले यांवरून तिची बोटे फिरतात, तेव्हा या वस्तू कोणीतरी विचारपूर्वक घडवल्या आहेत हे आम्हांला नव्याने जाणवते.

प्रवासाचेही तेच. इंदूरला जाताना गोध्रा, दाहोद, रतलाम अशी स्थानके येतात आणि खिडकीबाहेरचे सारे आम्ही सांगत जातो. पूर्वी याच प्रवासात आम्ही झोपा काढत असू. इंदूरच्या कलाशाळेत देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेले ना. श्री. बेंद्रे १९५० मध्ये बडोद्यास आले आणि त्यांनी येथला चित्रकला विभाग उभारला. आपल्या दोन घरांमधला रस्ता त्यांच्याही पायाखालचा, म्हणून आईला तो अधिकच जवळचा वाटतो.

आम्ही दोघी काही कलावंत नाही. आईची दृष्टी परत येणार नाही, हेही आम्ही जाणतो. चित्रांनी तिचे दुःख नाहीसे झाले, असे म्हणणे खोटे ठरेल; काही दिवस ती बोलतच नाही. तरीही एक बदल निश्चित झाला. आपण पाहिलेले दुसऱ्या कोणाला न्यायचे आहे, हे ठाऊक असले की डोळे वेगळ्या रीतीने काम करतात. भाजीवाल्याने ओल्या गोणपाटावर लिंबांशेजारी मांडलेल्या मिरच्याही मग नुसत्या मिरच्या राहत नाहीत.

रोज संध्याकाळी तिघींचा फोन होतो. “आज काय पाहिलंत?” हा आईचा पहिला प्रश्न असतो. परवा धाकटीने सांगितले, की पोळातला एक जुना वाडा पाडताहेत. चुन्याच्या ढिगाऱ्याला एक कोरीव खांब टेकून ठेवला आहे, आणि कोण्या मजुराने त्याच्या नक्षीला आपला जेवणाचा डबा अडकवला आहे. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “डबा कसला गं? पितळी की स्टीलचा?”

ते पाहायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून आम्ही त्या गल्लीत जायचे ठरवले. धाकटी पायी, आणि थोरली फोनवरून. आई म्हणाली, “मीही येते.”