तिचे उत्तर

प्रेम हा शब्द घरात उच्चारावयाचा नसतो, हे आम्हांस लहानपणी कोणी शिकविले नव्हते. ते आम्ही न शिकविताच शिकलो होतो. त्यामुळे कॉलेजात पुढील बाकांवर मुली बसलेल्या असताना प्रोफेसरांनी ख्रिस्तोफर मार्लोची मेंढपाळाची प्रेमकविता वाचावयास घेतली, तेव्हा आमच्या माना आपोआप पुस्तकांत गेल्या. परंतु परक्या भाषेत लाज निम्म्याने कमी वाटते. मराठीत जे बोलताना जीभ अडखळली असती, त्याचे रसग्रहण आम्ही वहीत निःशंकपणे उतरवून घेतले.

मेंढपाळ प्रियेला आपल्याबरोबर राहावयास बोलावतो आणि गुलाबांची शय्या, तलम लोकरीचा झगा, सोन्याच्या बकलांचे जोडे अशी देणग्यांची यादीच वाचतो. ही कविता कवीच्या खुनानंतर सहा वर्षांनी, १५९९ साली, अपुऱ्या रूपात छापली गेली. पुढील वर्षी एका संग्रहात ती पूर्ण आली, आणि तिच्यासोबत तरुणीचे उत्तरही. उत्तर चोख आहे : फुले कोमेजतात, झगे विरतात, तारुण्य टिकते, तर मी आले असते. प्रोफेसरांनी ते एका मुलीस वाचावयास सांगितले. तिने मान वर न करता, पण एकही शब्द न गाळता ते वाचले. मागील बाकांवरची खसखस हळूहळू थांबली. तास संपताना प्रोफेसर म्हणाले, हे उत्तरही सर वॉल्टर रॅले या पुरुषानेच लिहिले, असे १६५३ पासून सांगितले जाते. आम्ही ते टिपून घेतले आणि विसरलो.

पुढे आम्ही मुलगी पाहावयास गेलो. पोहे झाले, शिक्षण विचारून झाले, भरतकाम पाहून झाले. "तुला काही विचारायचे आहे का?" असे आमच्या मातोश्रींनी म्हटले खरे, पण तिने तोंड उघडण्यापूर्वीच तिचे मामा उद्गारले, "तिला काय विचारायचे असणार!" सर्व हसले. आम्हीही हसलो. होकार तिच्या वडिलांनी कळविला.

बऱ्याच वर्षांनी जुने कपाट आवरताना ती वही आमच्या सौभाग्यवतींच्या हाती लागली. रॅलेसंबंधीची ओळ वाचून त्या म्हणाल्या, "अहो, म्हणजे हिचे उत्तरसुद्धा दुसऱ्यानेच दिले! माझ्यासारखेच." बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच आम्हांस ते अधिक लागले.

"तेव्हा काय विचारणार होतीस?"

"राग आला की तुम्ही काय करता, एवढेच."

त्या रात्री आम्ही दोघांनी एलिझाबेथ बॅरेटची सुनीते वाचावयास घेतली. रॉबर्ट ब्राउनिंगशी १८४६ साली गुप्तपणे विवाह होण्यापूर्वीच्या दिवसांत तिच्या मनात जे जे उठले, भय, संकोच, अविश्वास आणि अखेर होकार, ते तिने स्वतः चव्वेचाळीस सुनीतांत लिहिले. परंतु तीही तिने पतीस दाखविली विवाहानंतर तीन वर्षांनी. सौभाग्यवती म्हणाल्या, "तिलाही वेळ लागलाच की!"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांस अद्याप दिलेले नाही. एवढ्या संसारानंतर ते त्या आमच्यापेक्षा अधिक जाणतात. मात्र ज्यांच्या घरी आजही असे पाहण्याचे प्रसंग घडतात, त्या वाचकांस आमची एकच विनंती आहे : मुलीने तोंड उघडले, तर मामांना क्षणभर आवरावे.