आमचं राजघराणं

रविवार, रात्र. आज जेवताना वंशावळ पुन्हा निघाली. वडील जाधव, म्हणजे थेट देवगिरीचे यादव. आई माहेरची शेलार, म्हणजे शिलाहार. पुरावा? आडनाव. आमच्याकडे तेवढा पुरतो.

आता यादव महादेवानं 1265च्या सुमारास कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला. तो समुद्रातच बुडून मेला. त्यामुळे वडील आवाज चढवून बोलले, की आई म्हणते, "आम्हाला बुडवून झालंय एकदा, आता पुरे!" त्यात आत्या साळुंख्यांकडे, म्हणजे चालुक्यांकडे दिलेली. यादव मुळात चालुक्यांचे मांडलिक; पाचव्या भिल्लमानं स्वतंत्र राज्य मांडलं ते बाराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून आत्याचे यजमान दर दिवाळीला थकलेली खंडणी मागतात आणि चकल्यांवर तडजोड करतात.

पण सगळ्यात झोंबतं ते 1296. अल्लाउद्दीन खिलजीनं यादव राजा रामदेवरावाच्या देवगिरीला वेढा घातला, तेव्हा धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, अशी कथा आहे. वडिलांनी वाण्याकडून काही चुकीचं आणलं, की आई फक्त "रामदेवराव!" म्हणते.

खरं तर मधल्या सुमारे सहाशे वर्षांचा एक कागद आमच्याकडे नाही. सातबाऱ्यावर पणजोबांच्या वर कोणी सापडत नाही, आणि ते कोरडवाहू जमीन कसत होते. देवगिरी पाहायला मात्र आम्ही जातो. तिकीट काढून.