धारवाडची पदवीधर नटी

‘आवारा’ हा राज कपूर यांचा १९५१ सालचा बोलपट ज्या घरात कोणीच पाहिला नाही, असे घर आमच्या वाचकांत क्वचितच सापडेल. त्यातील भारती डोळ्यांपुढे आणावी: नवऱ्याने संशयापोटी घराबाहेर काढलेली आणि पुढे मुंबईच्या झोपडपट्टीत एकटीने मुलास वाढविणारी ती आई. गावच्या थिएटरात हा खेळ पुन्हा लागला, की आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका जाऊन पदर डोळ्यांस लावून येत. ह्याच बाईंचा चेहरा त्यापूर्वी दहाच वर्षे, म्हणजे १९४१ साली, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकला होता, आणि हिंदुस्थानातील चित्रपटनटीस तो मान प्रथमच मिळाला होता, ही गोष्ट मात्र त्या बायकांपैकी कोणास ठाऊक असेल असे आम्हांस वाटत नाही. तोपर्यंत ती जागा हॉलिवूडच्या नामांकित नट्यांची. तेथून ती उतरली ती थेट धारवाडच्या एका प्राध्यापकाच्या मुलीपाशी!

लीलाबाई चिटणीस ह्या माहेरच्या नगरकर. जन्म १९०९ सालचा, धारवाडचा. वडील इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते, व मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषा तेथे शेजारणींप्रमाणे नांदत होत्या. धारवाड म्हटले की पेढ्यांपलीकडे काही न आठवणाऱ्या आमच्यासारख्यांस हे सांगितलेले बरे, की त्या लहानशा शहराने आणि त्याच्या शेजारच्या हुबळीने मल्लिकार्जुन मन्सूर व गंगूबाई हनगल यांच्यासारखी माणसे देशाला दिली. तेव्हा तेथे कलेचे वारे नव्हते असे नाही. परंतु प्राध्यापकाच्या मुलीने ते वारे ऐकावे आणि टाळी द्यावी, ह्यापलीकडे तिच्याकडून कोणाची अपेक्षा नसे.

पंधरा-सोळा वर्षांच्या वयात लीलाबाईंचे लग्न झाले. पती डॉ. गजानन चिटणीस हे त्यांच्याहून वयाने बरेच मोठे. घरात स्वातंत्र्याच्या चळवळीचे वातावरण होते; मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मागे पोलीस असताना त्यांना ह्या दांपत्याने अटकेची पर्वा न करता आपल्या घरी आसरा दिला होता. इतके धैर्य ज्या घरात होते, ते घर पुढे टिकले नाही. पती-पत्नी विभक्त झाली. लीलाबाईंच्या पदरी चार मुलगे होते. त्यांनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली आणि हौशी नाटकांतून कामे करू लागल्या. संसार मोडला तेव्हा दोष कोणाचा, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि त्याची उत्सुकताही नाही. चार मुलांस जेवू घालावयाचे होते, एवढी एकच गोष्ट येथे लक्षात ठेवावयाची आहे.

रंगभूमीची तेव्हाची स्थितीही त्यांना अनुकूल झाली. बालगंधर्व अद्याप शालू नेसून रंगमंचावर येत होते, तोच १९३३ साली नाट्यमन्वंतराने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, व त्यातील स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. इब्सेन वाचणारी, नाटकात मुद्दा मांडणारी ही मंडळी. अशा मंडळींत सुशिक्षित घरची बाई उभी राहिली तर लोक कुरकुरत, पण दार लावून घेत नसत. चित्रपटांकडेही एक वाट ह्याच सुमारास पडली होती. दुर्गाबाई खोटे १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या, आणि सिनेमा म्हणजे केवळ बैठकीच्या बायकांचे क्षेत्र ही समजूत हलली. लीलाबाई नाट्यमन्वंतरात आल्या त्या अशा काळात. आमच्या मते ह्या नाटकमंडळींनी त्यांना जे दिले ते पुढे कोणत्याही स्टुडिओस देता आले नाही: वाक्य कसे उच्चारावे, आणि समोरचा बोलत असता आपण काय करावे.

बोलपटांत मात्र त्यांची सुरुवात गर्दीतल्या किरकोळ कामांपासून झाली. १९३६ साली मास्टर विनायकांच्या ‘छाया’ने त्यांना नाव दिले. कथा वि. स. खांडेकरांची, कंपनी कोल्हापूरची हंस. पुढच्याच वर्षी ‘जंटलमन डाकू’ आला. त्यात लीलाबाई पुरुषी पोशाखात वावरणाऱ्या सभ्य चोराच्या भूमिकेत होत्या, आणि त्यांचा गाजावाजा कसा केला गेला? तर महाराष्ट्रातून पडद्यावर आलेली पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घरची स्त्री, असा! चोराच्या वेषातील बाईचे तिकीट तिच्या बी. ए. च्या जोरावर विकावयाचे, ह्यातील विनोद त्या वेळी कोणास जाणवला की नाही, देव जाणे. साबणाचे पुढे पाहू. लीलाबाईंच्या नावावर पहिली वस्तू विकली गेली ती त्यांची पदवीच होय.

ह्या सर्व गोष्टींचे स्मरण आम्हांस आताच का व्हावे, त्यास कारण घरचेच आहे. आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी सांगलीकडील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकते. तेथील एका साडीच्या दुकानदाराने आपल्या फलकासाठी तिचे छायाचित्र घेतले. तो फलक एसटी स्थानकासमोर लागला, आणि महिन्याभरात मुंबईच्या एका जाहिरात कंपनीकडून तिला बोलावणे आले. घरात दोन तट पडले. तिच्या वडिलांना पुढे येणाऱ्या स्थळांची काळजी, आजीला ‘लोक काय म्हणतील’ ह्याची, आणि बहिणीला दोन्हीची. “दादा, तूच काय ते सांग तिला. तुझे ऐकते ती,” असा बहिणीचा दूरध्वनी. आम्ही मुलीशी बोललो. ती शांतपणे म्हणाली, “मामा, आपल्या घरात तो साबण येतो, ती पेस्ट येते, तो मसाला येतो. त्यांवरच्या मुली कुणाच्या तरी घरच्याच असतात ना?”

प्रश्न बिनतोड होता. दुसऱ्याच्या मुलीचा चेहरा पाहून वस्तू विकत घ्यावयाची, आणि आपल्या मुलीचा चेहरा विकला जातो म्हणून कपाळाला हात लावावयाचा, हा व्यवहार आपल्या घरांतून गेली ऐंशी वर्षे चालला आहे. तथापि आमच्या मनातील शंका अब्रूची नव्हती, हिशेबाची होती. चेहऱ्याची किंमत किती वर्षे येते, आणि ती संपल्यावर हातात काय उरते? ह्या हिशेबाची वही उघडावयाची तर लीलाबाईंच्या आयुष्यासारखे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

१९३८ साली सोहराब मोदींच्या ‘जेलर’मध्ये त्यांनी नवऱ्यास सोडून जाणाऱ्या बायकोचे काम केले, १९३९ साली ‘संत तुलसीदास’मध्ये विष्णुपंत पागनीसांबरोबर. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’मध्ये त्या नायिका झाल्या. देविकाराणी जेथे मिरविल्या त्या स्टुडिओत धारवाडच्या ह्या बाईंनी पाऊल टाकले आणि चित्र तुफान चालले. (‘कंगन’चे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन, त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले.) पाठोपाठ ‘बंधन’, ‘आझाद’ आणि १९४१ साली ‘झूला’ आले. नायक सर्वत्र अशोककुमार. डोळ्यांनी कसे बोलावे हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असे अशोककुमारांनीच मोकळेपणी कबूल केले होते. मराठीत ह्याच सुमारास, १९४० साली, अत्रे-विनायकांच्या ‘अर्धांगी’त त्या नव्या वळणाची शिकलेली स्त्री झाल्या. चित्राचे हसू सारे त्या शिकलेल्या स्त्रीच्या खर्चाने! सुशिक्षित प्रेक्षकवर्गाने तिला हसावे आणि तिच्याच शिक्षणाचे कौतुकही करावे, हा दुटप्पीपणा लीलाबाईंनी उमजूनच पत्करला असावा असे आम्हांस वाटते. पैसा त्यातूनच येत होता.

साबणवाल्यांनी त्यांनाच का निवडले? आमचा तर्क असा. साबण विकत घेण्याचा निर्णय गृहिणीचा. केवळ देखणी नटी पाहून ती गृहिणी पान उलटील. परंतु देखणी असून शिकलेली, घरंदाज उच्चारांची, पडद्यावर साध्या लुगड्यातील सात्त्विक मुलगी शोभणारी बाई पुढे केली, तर ती विचार करील. म्हणजे हॉलिवूडच्या नट्यांकडून रूप उसने घेता येत होते; विश्वास मात्र धारवाडहूनच आणावा लागला. त्या वेळी लीलाबाईंचे वय बत्तीस, आणि त्या चार मुलांच्या आई होत्या.

आता वहीचे पुढचे पान. १९४८ साली ‘शहीद’ आला. त्यात लीलाबाई दिलीपकुमारांच्या आई झाल्या. दिलीपकुमारांचा जन्म १९२२ चा, म्हणजे आई मुलाहून अवघी तेरा वर्षांनी मोठी! ‘आवारा’तील मुलगा राज कपूर हे पंधरा वर्षांनी लहान. अशोककुमार लीलाबाईंहून दोन वर्षांनीच धाकटे. ते १९५३ साली ‘परिणीता’त मीनाकुमारींचे नायक होते, आणि मीनाकुमारी त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान. ‘झूला’तील नायक नायकच राहिला, नायिका मात्र सात वर्षांत सासू होण्याच्या वयाची ठरली. ह्यात कोणा एका निर्मात्याचा दुष्टपणा नव्हता; धंद्याची चालच तशी होती, आणि ती प्रेक्षकांनी, म्हणजे आपणच, मान्य केली होती.

लीलाबाईंनी हे कसे सोसले असेल? तत्पूर्वी, १९४२ साली, त्यांनी ‘किसीसे न कहना’ची निर्मिती केली होती; १९५५ साली ‘आज की बात’ दिग्दर्शित केला. धंद्यात स्वतःची गादी मांडण्याचे हे दोन प्रयत्न. त्यांतून गादी काही झाली नाही. मात्र आईच्या भूमिका येत राहिल्या. ‘नया दौर’, ‘काला बाजार’, ‘गंगा जमुना’ आणि १९६५ सालचा ‘गाइड’. पांढरे लुगडे, थकलेला चेहरा, मुलासाठी झुरणे. कित्येक चित्रांत दिग्दर्शकाने त्यांच्याकडे ह्याहून अधिक काही मागितलेच नाही, आणि ते पाहताना आम्हांस चीड येते. पण ‘आवारा’त भारती घरातून बाहेर पडते तेव्हाचा चेहरा पाहावा. एक शब्द न बोलता डोळ्यांनी सर्व काही सांगण्याची ती विद्या येथे पुन्हा दिसते. ती विद्या साबणाच्या जाहिरातीस लागली नव्हती आणि जाहिरात गेली तेव्हा तिच्याबरोबर गेलीही नाही. वीसाहून अधिक वर्षे तिने त्यांना काम दिले.

भाचीस आम्ही एवढेच सांगितले, की मुंबईस अवश्य जा. परंतु छायाचित्राचे पैसे मिळतील त्यांतून प्रथम एखाद्या नाट्यसंस्थेत नाव घाल. बहिणीस हे उत्तर रुचले नाही. तिला नकार हवा होता, आणि तो आमच्या तोंडून हवा होता. मेहुण्यांनी तर पंधरा दिवस अबोला धरला. मुलगी गेल्या महिन्यात गेली. जोगेश्वरीस दोन मैत्रिणींबरोबर राहते, असे कळते. पुढचे कोण सांगावे!

लीलाबाई उतारवयात मुलांकडे अमेरिकेस गेल्या. १४ जुलै २००३ रोजी कनेक्टिकटमधील डॅनबरी येथे त्या वारल्या. जन्मभर बहुतेक हिंदीत बोललेल्या ह्या बाईंनी आपली हकीकत मात्र मराठीत लिहिली. ‘चंदेरी दुनियेत’ ह्या नावाने ती १९८१ साली प्रसिद्ध झाली. आमच्या गावच्या वाचनालयात तिची एक प्रत आहे. पुठ्ठा सुटला आहे, मागील चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मोजकेच आहेत. ती प्रत सध्या आमच्याकडे असून, मुदत दोनदा वाढवून घेतली आहे.