माझीं फौंटनपेनें

माणसाला एखादा छंद असावा, असें वडील मंडळी सांगतात. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, तर कोणी शंखशिंपले. मला फौंटनपेनांचा छंद आहे. माझ्या मेजाच्या खणांत आज लहानमोठीं चोवीस पेनें आहेत. लिहिण्यास एक पेन पुरत असतां उरलेलीं तेवीस कशाला, असा प्रश्न घरचीं माणसें वरचेवर करितात. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर शाळेच्या वार्षिकांत देण्याचें कारण इतकेंच कीं, हा छंद मला शाळेच्या बांकावरच लागला, व तोही एका चुकीपायीं.

आमच्या घराण्यांत लेखणीच्या तीन पिढ्या झाल्या. माझे आजोबा बोरूनें लिहीत. बरूच्या कांडीचें टोंक चाकूनें तिरपें छाटावयाचें, कागदावर आधीं आडव्या रेघा ओढावयाच्या, आणि मग त्या रेघांखालीं मोडी अक्षरें लिहीत जावयाचें, असा त्यांचा क्रम असे. वडिलांच्या हातीं टांक आला. दोघांच्याही लेखणीला दर चार शब्दांनीं दौतीकडे धांव घ्यावी लागे. आमच्या पिढीला फौंटनपेन मिळालें, म्हणजे दौतच लेखणीच्या पोटांत आली.

विद्यार्थी मित्रहो, या पोटांतील शाई एकदम भसकन् खालीं कां येत नाहीं, याचा विचार तुम्हीं कधीं केला आहे काय? बाहेर जाणाऱ्या शाईची जागा घेण्यास हवा आंत शिरली पाहिजे. ती फार शिरली तर कागदावर डाग पडतो, आणि मुळींच शिरली नाहीं तर अक्षर उमटत नाहीं. हा मेळ निबेला खालून बिलगलेली जीभ राखते. तिच्यांत बारीक खांचा असतात. दिव्याच्या वातींतून तेल ज्या गुणानें वर चढतें, त्याच गुणानें या खांचांतून शाई पुढें सरकते व हवा आंत जाते. न्यूयॉर्कच्या लुई वॉटरमन यांनीं अशा जिभेचें पेटंट १८८४ सालीं मिळविलें, आणि मग हें पेन भरंवशाचें झालें. आमच्या लहानपणीं ड्रॉपरनें शाई भरण्याचीं स्वस्त पेनें असत. त्यांत शाई थोडी उरली म्हणजे हाताच्या उबेनें नळींतील हवा फुगे व शाईचा थेंब वहीवर टपकन् पडे. अपराध हवेचा, परंतु छडी मात्र आम्हांला बसे!

प्रत्येक पेनाचा स्वभाव निराळा असतो. माझ्या खणांत राजमहेंद्रीचें एक काळें पेन आहे. त्या गांवीं के. व्ही. रत्नम् यांनीं स्वदेशीच्या प्रेरणेनें पेनें घडविलीं, आणि १९३५ सालीं महात्मा गांधींनीं त्यांना पत्र लिहून त्यांच्या पेनाची वाखाणणी केली. हें पेन एबोनाइटचें, म्हणजे रबर व गंधक एकत्र तापवून केलेल्या पदार्थाचें आहे. तें हाताला गार लागत नाहीं. मात्र उन्हांत राहिलें तर त्याचा काळा रंग तपकिरी होऊं लागतो, म्हणून मी तें खिडकीपासून दूर ठेवितों. दुसरें एक शेफरचें आहे. वॉल्टर शेफर या अमेरिकन जवाहिऱ्यानें १९०८ सालीं जिचें पेटंट घेतलें, ती दांडी त्याच्या कुशीला आहे. ती उचलली म्हणजे आंतील रबरी पिशवी दाबली जाते, आणि सोडली म्हणजे पेन तहानलेल्या वासराप्रमाणें दौतींतील शाई आपण होऊन पिऊं लागतें. शाईचेंही तसेंच. मायफळ व हिराकस यांची जुन्या पद्धतीची शाई कागदावर उतरतांना फिकट असते, आणि हवा लागतां लागतां काळी होते. आपलें वाक्य आपल्या डोळ्यांदेखत पक्कें होत जातांना पाहणें, हें सुख ज्यानें अनुभविलें त्यालाच कळेल.

आतां ती चूक सांगतों. मी नववींत असतां माझे मामा नैरोबीहून आले, आणि त्यांनीं मला सोन्याच्या निबेचें एक परदेशी पेन दिलें. सारा वर्ग तें पाहावयास लोटला. निबेला धन्याच्या हाताचें वळण लागतें आणि दुसऱ्याच्या हातीं ती बिघडते, असें त्या वेळीं सारेच म्हणत. त्यामुळें मीं तें कोणालाही लिहावयास दिलें नाहीं. वार्षिक परीक्षेंत गणिताच्या दिवशीं शकुन म्हणून मीं त्या पेनानें उत्तरपत्रिकेवर नांव घातलें, तें खिशाला लावलें, आणि रोजच्या पेनानें गणितें सोडवूं लागलों. तासाभरानें शेजारच्या बांकावरील मुलाचें पेन निसटून फरशीवर पडलें व त्याची निब दुमडली. सरांची परवानगी घेऊन तो माझ्याकडे वळला आणि माझ्या खिशाकडे पाहून म्हणाला, "तेवढें पेन दे रे."

मीं सांगितलें, "त्यांत शाई नाहीं."

तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या कोणाकडून पेन मिळेपर्यंत त्याचा बराच वेळ गेला. गणितांत तो चार गुणांनीं राहिला, आणि जूनमध्यें आम्ही वरच्या वर्गांत गेलों तेव्हां तो मागेंच राहिला. एरवींही तो नापास झालाच असता, अशी समजूत मीं मनाची पुष्कळ घातली. पण मन तें ऐकेना. धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा शुभवर्तमानांतील दृष्टांत आम्हीं प्रार्थनेच्या वेळीं कितीदां तरी ऐकला होता. तो चाकर मीच, हें मला त्या जूनमध्यें समजलें.

पुढें तें पेन मला हातीं धरवेना. मीं तें डबींत घालून ठेविलें. चार वर्षांनीं डबी उघडून पाहतों, तों आंतील शाई पार वाळून गेलेली. माझें खोटें शेवटीं खरें झालें होतें! मीं पेन पाण्यांत भिजत घातलें. दोन दिवस पाणी निळें होत राहिलें. तिसऱ्या दिवशीं निबेनें रेघ ओढली. त्या एका रेघेनें मला जो आनंद झाला, त्यांतूनच हा छंद जन्मास आला. जुन्या बाजारांत मुकीं होऊन पडलेलीं पेनें आणावीं, धुवावीं, दुरुस्त करावीं आणि बोलतीं करावीं, हें माझें शनिवारचें काम होऊन बसलें. त्याबरोबर दोन नियमही मीं केले. खणांतील प्रत्येक पेनानें पाळीपाळीनें लिहावयाचें. आणि मागणाऱ्याला नाहीं म्हणावयाचें नाहीं. घरीं येणाऱ्या प्रत्येकाकडून मी त्याला आवडेल त्या पेनानें एका वहींत एक ओळ लिहवून घेतों. इतक्या हातांतून फिरूनही माझी एकही निब बिघडलेली नाहीं.

काहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. तेथें तो बालमित्र भेटला. मीं त्याला घरीं आणलें, तें सोन्याच्या निबेचें पेन व वही त्याच्यापुढें ठेविली, आणि सारें सांगून टाकलें. तो हंसून म्हणाला, "त्या दिवशीं तूं त्याच पेनानें नांव लिहिलेंस, तें मीं पाहिलें होतें."

म्हणजे चाळीसांहून अधिक वर्षें त्याला तें ठाऊक होतें, आणि त्यानें तें कोणापाशीं काढलें नव्हतें. मला उत्तर सुचेना. त्यानें टोपण काढलें, निब उजेडाकडे धरून क्षणभर पाहिली, आणि वहींत दोनच शब्द लिहिले: "शाई आहे."

आतां बॉलपेनाचा जमाना आहे. तें स्वस्त व सोयीचें आहे आणि माझें त्याच्याशीं भांडण नाहीं. पण तुमच्यापैकीं कोणाच्या हातीं वडिलांचें वा आजोबांचें एखादें जुनें फौंटनपेन आलें, तर तें कपाटांत पुरून ठेवूं नका. तें धुवा, भरा, त्यानें लिहा. आणि शेजारच्या बांकावरून कोणी हात पुढें केला, तर तें त्याच्या हातीं द्या. चोवीस पेनांच्या खणांतून मला मिळालेलें उत्तर एवढेंच आहे.