आदल्या संध्याकाळची भेट

मिरजेत ऑपरेशनला येणारा माणूस एकटा येत नाही. जत-आटपाडीचा असो की सीमेपलीकडच्या अथणीचा, सोबत डबा, चटई आणि कधीकाळी स्वतः ऑपरेशन करून घेतलेला एखादा पाव्हणा असतोच. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथं १८९४ साली उघडलं, तेव्हापासून ही वर्दळ आहे. पाव्हण्यानं एसटीतच सांगून ठेवलेलं असतं, पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची गेली.

मी भूलतज्ज्ञ. आदल्या संध्याकाळी वॉर्डात गेले की केसपेपर मिटून विचारते, ‘‘मावशी, नेमकं कशाचं भ्या वाटतंय?’’ ‘घाबरू नका’ असं मी म्हणत नाही. ते ऐकून माणूस मान डोलावतो आणि गप्प होतो. कापाकापीबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ‘‘मधीच जाग आली तर?’’ ‘‘भुलीत काय बी बोलून गेले तर?’’ कुणाला तर घरी धार कोण काढणार याचाच घोर.

ही भीती लपली की धोका. ऑपरेशन पुढे ढकलतील म्हणून पहाटे घेतलेला दुधाचा चहा लपवला जातो. भुलीत तो उलटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. मी हे कारणच सांगते. साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं, हेही सांगते. रात्रभर कोरड्या घशानं पडलेला माणूस जास्तच धास्तावतो.

अशा भेटीनं धास्ती कमी होते का, हे भूलतज्ज्ञ एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली अमेरिकेत पडताळून पाहिलं होतं. नुसतं झोपेचं औषध मिळालेले पेंगत होते, पण धास्ती तशीच. भूलतज्ज्ञ भेटून गेलेले त्यांच्याहून शांत होते.

पाठीतल्या भुलीत पेशंट जागा असतो, ट्रेमधल्या हत्यारांचा आवाजही ऐकतो. ‘काहीच कळणार नाही’ हे त्याला सांगणं खोटं. आधी गार लागेल, मग टोचेल, पाय गरम होऊन जड होतील. हात लागलेला कळेल, ओढल्यासारखं होईल, पण दुखणार नाही. दुखलंच तर मी उशाशी आहे.

साताऱ्या-सांगलीकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये मात्र भूलतज्ज्ञाला ऐन वेळी बोलावतात. आदली संध्याकाळ मिळतच नाही. मग थिएटरच्या दारात मास्क खाली करून मी पाच मिनिटं स्टुलावर बसते. सर्जन घड्याळ बघतात. बघू देत.