उसाचे पेर, बैलाचा खांदा

उसाचे बेणे म्हणजे बी नव्हे, टिपरी: एक-दोन डोळ्यांचा कांड्याचा तुकडा. न्हावरे गावच्या शिवारात सरीत दाबलेल्या टिपरीच्या प्रत्येक डोळ्यात विभाजी ऊती असते. पातळ भित्तिकेच्या, सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा समूह. कोंब डोळ्यातून येतो, मुळे मात्र पेराभोवतीच्या ठिपक्यांच्या पट्ट्यातून फुटतात. पुढे उंची वाढते ती पोंग्यातल्या अग्रस्थ ऊतीमुळे. खोडकिडा नेमका तिथे पोचला की पोंगा वाळतो, ओढला तर अलगद हातात येतो, आणि त्या कोंबाची वाढ संपते.

दुसरी विभाजी ऊती पेराशी असते. वादळात आडवा पडलेला ऊस काही दिवसांत शेंडा उचलतो, कारण पेराच्या जमिनीकडच्या बाजूच्या पेशी अधिक वाढतात. बांधावरची बाभळ वर्षागणिक जाड होते, ती पार्श्व विभाजी ऊतीमुळे. उसाकडे ती नाही. म्हणून अठरा महिन्यांचा आडसाली ऊसही बुंध्याने झाडासारखा फुगत नाही.

कोयत्याने आडवे तोडलेले कांडे पाहावे. बाहेर अपित्वचा, तिच्यावर बोटाने पुसता येणारे पांढुरके मेण. तिला लागून दृढ ऊतीचे कवच. सोलताना दात शिवशिवतात ते यामुळे. आत गर म्हणजे मूल ऊती, तिच्या रिक्तिकांत साखर साठते. गरात विखुरलेले ठिपके हे जलवाहिनी आणि रसवाहिनी यांचे जुडगे. ऊस चघळणारा माणूस हे विच्छेदन न शिकताच करतो: रस मूल ऊतीतला, थुंकलेली चोयटी मुख्यतः दृढ ऊती आणि वाहिन्यांची. कोणत्याही साखर कारखान्याचा चरकही एवढ्याच भेदावर उभा असतो. रस एकीकडे, बगॅस दुसरीकडे.

ऊसतोडीच्या गाडीला जुंपलेला बैल हा प्राणी-ऊतींचा तितकाच उघडा नमुना. जू घासून घासून खांद्यावरची स्तरित अभिस्तर ऊती जाड, निबर होते. घासणे तिच्या सोसण्यापलीकडे गेले की खांदा सुजतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीत हळद-लोणी चोळतात ते याच कातडीला. खाली पट्टकी स्नायू. त्यांची ओढ हाडापर्यंत नेतात स्नायुरज्जू. हाड आणि स्नायुरज्जू दोन्ही संयोजी ऊती, एक कॅल्शियमच्या क्षारांनी कठीण, दुसरी दोरासारखी चिवट. कासरा हलताच बैल वळतो, तो निरोप चेता ऊतीचा.

मुक्कामावर गाडी सुटली की बैलापुढे वाढे पडतात. हे उसाचे शेंडे, म्हणजे ऊस वाढवणारी कोवळी ऊती त्यांतच. त्यांच्या पानांच्या कडा वाळूच्या जातीच्या सिलिकाने करवती झालेल्या असतात. तोडणाऱ्याचे हात त्यांनीच चिरतात. बैलाच्या जिभेवरचा अभिस्तर मात्र खरखरीत आणि जाड. रवंथ करणारा जबडा ऐच्छिक स्नायूंचा, कोठीपोट घुसळणारे स्नायू अनैच्छिक. बैल झोपला तरी ते चालूच. पोटातले जिवाणू पेशीभित्तिकांतला सेल्युलोज फोडतात. दृढ ऊतीतले लिग्निन त्यांनाही पेलत नाही, ते शेणात धाग्यांसकट दिसते.