बारा टक्के

आपल्या विद्यार्थ्यांचे आयुष्य टक्क्यांत मोजले जाते, हे नव्याने सांगायला नको. दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, हजेरीचे टक्के! आमच्या घरात ही मोजणी माझ्यापासूनच सुरू झाली, कारण माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेच नव्हते. यंदा त्यात आणखी एका टक्क्याची भर पडली. तो म्हणजे माझ्या फोनच्या बॅटरीचा.

मुरूड तालुक्यातील एका कोळीवाड्यातून मी रोज एस.टी.ने अलिबागला येते. काशीद, कोर्लई, साळाव, मग खाडीवरचा पूल आणि रेवदंडा, चौल, नागाव. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेत. गेल्या वर्षी बांगडा बरा लागला, तेव्हा त्यांनी मला एक वापरलेला फोन घेऊन दिला आणि एक अट घातली : परतीच्या गाडीत बसले की घरी फोन करायचा. अट वाटते तेवढी साधी नव्हती. ‘पोरीला एवढ्या लांब कशाला धाडतोस?’ असे विचारणारे वाड्यात कमी नव्हते. त्या सर्वांना बाबांचे एकच उत्तर असे : ‘फोन हाय ना तिच्याकडं.’ म्हणजे माझे कॉलेज त्या फोनवर उभे होते!

गणपतींचे विसर्जन झाले आणि एका रात्री फोनवर सूचना आली : नवे अपडेट तयार आहे. मी मोठ्या हौसेने होकार दिला. सकाळी पाहते तो घड्याळाचे आकडे मोठे झालेले, चित्रे गोलसर झालेली. पण शंभर टक्के घेऊन घरून निघालेली मी, इतिहासाच्या तासाला बघितले तर साठ! तीन वाजता पंचवीस. पूर्वी हाच फोन रात्रीपर्यंत पुरत असे.

बाबांनी निदान केले, ‘रातचे व्हिडिओ बघतेस.’ आणि खरे सांगू? मलाही तसेच वाटले. गरिबाघरच्या मुलाच्या हातात महाग वस्तू बिघडली, की दोष वस्तूचा असेल असे त्याच्या मनातच येत नाही.

मग तो सोमवार उजाडला. संध्याकाळी पाचची गाडी आलीच नाही. पावणेसातच्या गाडीत बसले, फोन काढला, बारा टक्के दिसत होते. नंबर लावला आणि पडदा काळा झाला! शेजारच्या काकूंनी आपला फोन पुढे केला, तेव्हा लक्षात आले, की बाबांचा नंबर मला पाठ नाही. पहिल्या वर्षी तर्कशास्त्राच्या व्याख्या पाठ केल्या. घरचे दहा आकडे काही पाठ केले नाहीत.

फाट्यावर उतरले तेव्हा बाबा विजेरी घेऊन उभे होते. आई ओटीवर बसून रडत होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा वाड्यातले सगळे फोन मुके झाले होते आणि मामाची खबर कळायला चार दिवस लागले होते. तेव्हापासून फोन बंद म्हणजे काहीतरी वाईट, हे तिच्या मनात पक्के बसले आहे. बाबा एवढेच म्हणाले, ‘मंग फोन कनाला दिलाय तुला? उद्या ऱ्हा घरीच.’

दुसऱ्या दिवशी मी घरी राहिले. दुपारी जाळे शिवता शिवता बाबांनीच विषय काढला. ‘रडू नको. बरफ लवकर सरला तं बरफाला शिव्या देऊन काय व्हतं? पेटीचं झाकण कोनी उघडं ठेवलं, त्ये बघाचं. नायतर मावरं नासतं.’

झाकण! फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा हिशेब लिहिलेला असतो, हे मला ऐकून ठाऊक होते. पाहिला मात्र कधी नव्हता. उघडला. सर्वांत जास्त वीज खाणारे ॲप मी महिनाभर उघडलेसुद्धा नव्हते! ते दिवसभर माझा ठावठिकाणा विचारीत बसले होते. दुसरा क्रमांक व्हिडिओंचा, हेही कबूल केले पाहिजे. बाबा मोठ्याने हसले.

पुढे ग्रंथालयात बसून मी या विषयावर मिळेल ते वाचले. अपडेटनंतर पहिले काही दिवस फोन सगळी ॲप्स आणि फोटो नव्याने लावीत असतो, म्हणून वीज जास्त जाते. रेंज कमी असेल तिथे टॉवर गाठायला त्याला अधिक जोर लावावा लागतो, आणि आमच्या वाटेवर काशीदचा चढ आहेच. शिवाय बॅटरी जुनी झाली की एकदम जोर पडताच दम सोडते, मग पडद्यावर बारा टक्के का दिसेनात! डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलसारख्या कंपनीलाही जाहीर कबुली द्यावी लागली होती, की जीर्ण बॅटरीचे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अपडेटमधून त्यांचा वेग कमी केला आहे. युरोपीय संघात तर २० जून २०२५ पासून नियमच आहे : नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावरही तिची ८० टक्के ताकद उरली पाहिजे. माझ्या फोनला असला कायदा कुठला? पण दोष सगळा माझाच नव्हता, एवढे कळल्यानेच मला केवढे हलके वाटले!

म्हणून अपडेट घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. चोर शिरण्याच्या फटी त्यानेच बुजतात; होडीचीही दरवर्षी डागडुजी करावी लागतेच. मात्र त्यानंतर झाकणे तपासावीत.

आता ते ॲप काढून टाकले आहे. चढावर फोन बंद ठेवते. बाबांचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहिला आहे, आणि पाठही केला आहे. तरी चार वाजेपर्यंत तीस टक्केच उरतात. नव्या बॅटरीसाठी पैसे साठवते आहे.

परवा पहाटे बाबा समुद्रावर निघाले होते. दारातून परत फिरले आणि आपला फोन माझ्या हातात देत म्हणाले, ‘यालाबी काय त्ये अपडेट आलंय. जरा झाकणं बघून दे.’

चिमणीच्या उजेडात नव्हे, विजेच्या दिव्याखाली. पण आमच्या घरात त्या पहाटे पहिल्यांदाच बाबा माझ्याजवळ बसले आणि मी वाचून दाखवीत गेले.